ते खोके टाकू नका: शिकागोतल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिण्यांना खुलं पत्र

शिकागो आणि आसपासच्या सबर्ब्समधल्या मराठी मंडळांच्या, नाटकाच्या ग्रुपांच्या, ढोलपथकांच्या आणि मराठी शाळांच्या आजी, माजी आणि (बळी पडणाऱ्या) भावी कार्यकारिण्यांना,

सप्रेम नमस्कार वि. वि.

विषय आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांचं तरी काम होईल. तुमच्या बेसमेंटमध्ये, गराजमध्ये, भाड्याच्या स्टोरेज युनिटमध्ये मंडळाचे जे खोके पडलेत ते टाकू नका. मीटिंगची मिनिट्स, जुने अंक, नाटकांची हँडबिलं, तिकिटांची उरलेली बुकं, हिशेबाच्या वह्या, व्हीएचएस कॅसेटी, सगळं. ते शहरातल्या एखाद्या लायब्ररीच्या आर्काइव्हला (म्हणजे जुने कागद जपणाऱ्या विभागाला) द्या आणि पुढच्या टर्मपासून ते देणं हे सेक्रेटरीचं काम आहे असं मंडळाच्या घटनेतच लिहून टाका. एवढंच मागणं आहे, बाकी सगळं पाल्हाळ आहे, पण मला वाटतं कामाचं पाल्हाळ आहे.

हे आत्ताच का, तर परिसरातल्या एका संस्थेने (नाव घेत नाही, हे कुणाच्याही हातून झालं असतं) भाडं वाचवायला स्टोरेज युनिट रिकामं केलं. मखर, समया, स्पीकर, सतरंज्या सगळ्यांनी आपापल्या घरी वाटून घेतल्या. कागदांचे खोके रीसायकलला गेले. ठराव झाला, सगळ्यांनी हात वर केले, कुणाचा वाईट हेतू नव्हता, आणि मला ते कळलं तेव्हा ट्रक येऊन गेला होता. मखराला पाच घरं तयार होती हो. तीस-चाळीस वर्षांच्या मिनिट्सना एकही नव्हतं.

आता आपण राहतो ते शहर नेमकं कुठलं आहे बघा. कागद जळणं म्हणजे काय हे या शहराला कुणी शिकवायला नको. शिकागो हिस्टॉरिकल सोसायटी १८५६ मध्ये सुरू झाली, तेव्हा शिकागोला 'शहर' म्हणायला लागून वीस वर्षंसुद्धा झाली नव्हती, रस्त्यांवर चिखल होता, आणि तरी काही लोकांना वाटलं की आपण इतिहास जमवायला बसूया. १८६३ मध्ये जखमी सैनिकांसाठी पैसे उभे करायला इथे एक मोठी जत्रा भरली होती, मेरी लिव्हरमोर आणि जेन होज या दोन बायकांनी भरवलेली, आणि लिंकनने त्या जत्रेला गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा स्वतःच्या हातचा मसुदा दिला. तो ३००० डॉलरला विकला गेला, पुढे सोसायटीकडे ठेवायला आला, आणि १८७१ च्या ऑक्टोबरात मोठी आग लागली त्यात जळून गेला. लिंकनच्या हातचा कागद! सोसायटीने नव्याने जमवायला घेतलं, तर १८७४ च्या आगीत तेही गेलं. तिसऱ्यांदा जमवलं आणि १८९६ मध्ये आगीला दाद देणार नाही अशी दगडी इमारत बांधली. आजचं शिकागो हिस्टरी म्युझियम म्हणजे हीच सोसायटी. दोनदा राख झाली तरी ही माणसं तिसऱ्यांदा खोके भरायला बसली, आणि आपण स्टोरेजच्या महिन्याच्या बिलाला घाबरलो.

आगीनंतरची अजून एक गंमत म्हणजे इंग्लंडातल्या लोकांनी शिकागोसाठी ८००० च्या आसपास पुस्तकं गोळा करून पाठवली, त्यांची समजूत अशी की इथलं सार्वजनिक वाचनालय जळलं असणार. जळायला ते होतंच कुठे! मग पुस्तकं आली म्हणून वाचनालय काढावं लागलं, आणि ते १ जानेवारी १८७३ ला एका जुन्या लोखंडी पाण्याच्या टाकीत सुरू झालं. शिकागो पब्लिक लायब्ररीची सुरुवात अशी आहे. जागा नाही ही सबब सांगणाऱ्यांनी ती टाकी डोळ्यासमोर आणावी.

आता संस्थांकडे येते. मंडळातली भांडणं ही आपली खासियत आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी आधी ही गोष्ट. १८६६ मध्ये इथल्या चित्रकारांनी शिकागो अकॅडमी ऑफ डिझाइन काढली, कलाकारांनी कलाकारांसाठी चालवलेली. त्यांची इमारतही १८७१ ला गेली, मग कर्ज, मग पैसेवाल्या मंडळींना ट्रस्टी म्हणून घेतलं, मग ट्रस्टी आणि कलाकार यांचं पटेना. शेवटी काय झालं तर बरेच ट्रस्टी राजीनामा देऊन बाहेर पडले आणि १८७९ मध्ये त्यांनी वेगळी संस्था काढली, शिकागो अकॅडमी ऑफ फाइन आर्ट्स, आणि जुन्या संस्थेचं सामान लिलावात निघालं ते विकत घेतलं. या नव्या संस्थेचं १८८२ मध्ये नाव बदललं: आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो. हो, तेच, सिंह असलेलं, भारतातून आईबाबा आले की आपण त्यांना फोटो काढायला नेतो ते. म्हणजे जगातल्या एका मोठ्या म्युझियमचा जन्म कमिटीच्या फाटाफुटीतून झाला आणि हे आपल्याला माहीत आहे ते कारण कुणीतरी ठराव, राजीनामे, लिलावाचे कागद ठेवले. आपल्याकडे मंडळ फुटलं की पहिलं काय करतात? जुने ईमेल डिलीट.

त्याच आर्ट इन्स्टिट्यूटची आत्ताची इमारत १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी बांधली आणि आधी तिथे परिषदा भरल्या, त्यातलीच एक सर्वधर्म परिषद. ११ सप्टेंबर १८९३, विवेकानंद, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे, दर सप्टेंबरला फॉरवर्ड येतो. पण त्याच व्यासपीठावर मुंबईचे बी. बी. नगरकर होते, ब्राह्मो समाजातर्फे आलेले, आणि ते भारतातल्या समाजसुधारणेच्या कामावर बोलले होते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मुंबईचा एक नगरकर १३० वर्षांपूर्वी मिशिगन अव्हेन्यूवर उभा राहून बोलतो आणि आपल्या एकाही स्मरणिकेत त्याचं नाव मी पाहिलेलं नाही! तरी त्याचं भाषण आज वाचता येतं. का, तर परिषदेचे प्रमुख जॉन हेन्री बॅरोज यांनी त्याच वर्षी सगळ्या कामकाजाचे दोन जाडजूड खंड छापून काढले. परिषद संपल्यावर सगळे दमले होते, घरी जायचं होतं, पण कुणीतरी बसून प्रुफं तपासली. २०१० मध्ये आपल्या मुंबईच्या चित्रकार जितीश कल्लाटने त्याच इमारतीच्या मोठ्या जिन्यावर विवेकानंदांच्या भाषणाचा शब्दन् शब्द रंगीत दिव्यांच्या अक्षरांत, पायरीपायरीवर लावला, रंग कुठले तर अमेरिकन सरकारच्या दहशतवादाच्या इशाऱ्यांचे. ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. भाषण कुणी टिपलं आणि छापलंच नसतं तर पायऱ्यांवर लावणार काय होते?

बायकांच्या संस्थांबद्दल जरा जास्त लिहिणार आहे, कारण या शहरातला कागद बराचसा बायकांनी सांभाळलाय. फोर्टनाइटली ऑफ शिकागो ही १८७३ ची, केट न्यूअल डॉगेटने काढलेली, बायका जमायच्या, पाळीपाळीने एकीने निबंध लिहून आणायचा आणि बाकीच्यांनी त्यावर चर्चा करायची. आपल्याकडच्या वाचनकट्ट्यासारखंच, फक्त त्यांनी रेकॉर्ड्स ठेवली आणि ती आज न्यूबेरी लायब्ररीत आहेत, कुणीही जाऊन मागू शकतं. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत फिरल्या आणि १८८९ मध्ये त्यांचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' मराठीत छापून आलं, त्यात अमेरिकन बायका संस्था कशा उभारतात आणि चालवतात यावर त्या किती बारकाईने लिहितात ते बघा, दारूबंदीवाल्या महिलांच्या संघटनेवर तर भरभरून. त्या संघटनेची अध्यक्ष फ्रान्सिस विलर्ड राहायची इथे एव्हन्स्टनला, म्हणजे आपल्यातल्या निम्म्यांच्या कम्यूटच्या वाटेवर. मला वाटतं इथल्या संस्थांकडे बघून मराठीत नीट नोंदी करणारी पहिली बाई म्हणजे रमाबाईच असाव्यात, आणि आपण त्यांच्या मागून येऊन नोंदी बंद केल्या.

१८८९ मध्येच जेन अ‍ॅडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी हल हाउस हे सेवाकेंद्र सुरू केलं, नुकत्याच आलेल्या गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत. आणि तिथे पहिली नवी इमारत बांधली ती कसली, तर आर्ट गॅलरीची, १८९१ मध्ये. लोकांना खायला नाही आणि या चित्रं लावतायत असं तेव्हाही कुणीतरी म्हणालंच असेल. १८९३ पासून संगीत शाळा, १८९९ ला स्वतःचं थिएटर, आणि त्याच वर्षी शेजारच्या ग्रीक लोकांनी, फळं विकणाऱ्या, मजुरी करणाऱ्या माणसांनी, होमरच्या महाकाव्यातल्या ओडिसियसच्या घरी परतण्याचं नाटक ग्रीक भाषेत केलं. शहर बघायला आलं. ज्या माणसाकडून आपण केळी घेतो तो होमर म्हणतोय! इथल्या पोरांच्या बँडमध्ये पुढे जॅझमध्ये गाजलेला बेनी गुडमन क्लॅरिनेट शिकला. इथेच १९२० च्या दशकात नीव्हा बॉइड मुलांना खेळांतून शिकवायची, तिच्या हाताखाली व्हायोला स्पोलिन तयार झाली, तिने त्यातून नाटकाचे खेळ बसवले, आणि तिचा मुलगा पॉल सिल्स १९५९ मध्ये सेकंड सिटी हे आयत्या वेळी सुचेल ते विनोदी नाटक करणारं थिएटर काढणाऱ्यांपैकी एक. आज आपल्या एकांकिकांच्या तालमीत आपण जे आरशाचे, चेंडूचे, बडबडीचे खेळ घेतो ना, त्यांचा उगम हल हाउसच्या हॉलस्टेड स्ट्रीटवर आहे. १९६३ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉयच्या कॅम्पससाठी हल हाउसच्या बहुतेक इमारती पाडल्या, तेराच्या आसपास होत्या त्यातल्या दोनच राहिल्या. पण कागद राहिले, त्याच युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत, आणि म्हणून वर लिहिलेली गोष्ट मी तुम्हाला सांगू शकते.

पैशाचा मुद्दा येणारच, तर हॅरिएट मन्रोचं उदाहरण घ्या. बाई पन्नाशीला आलेली, कवयित्री, वर्तमानपत्रात कलेवर लिहून पोट भरणारी. तिला कवितेचं मासिक काढायचं होतं. ती शहरातल्या धनिकांच्या ऑफिसांत एकेकाकडे जाऊन बसली आणि १०० जणांकडून वर्षाला ५० डॉलर असे पाच वर्षांचे शब्द घेतले. १९१२ च्या शरदात 'पोएट्री' निघालं. डिसेंबरच्याच अंकात टागोरांच्या सहा कविता आल्या, नोबेलच्या आदल्या वर्षी, आणि तेव्हा टागोर होते कुठे तर इथून खाली अर्बानाला, त्यांचा मुलगा तिथे शिकलेला म्हणून. मासिक आजही चालू आहे. आणि मला सगळ्यात आवडतो तो भाग असा की मन्रोबाईंनी पत्रं टाकली नाहीत. कवींचे रुसवे-फुगवे, पैसे कधी देता, ओळ का कापली, परदेशातून एझरा पाऊंडच्या शिव्या, सगळं आज युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोत आहे. रूथ लिली नावाच्या एका बाईच्या कविता याच मासिकाने वर्षानुवर्षं साभार परत केल्या होत्या, पण बरोबर हाताने लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी असायची, आणि त्या बाईने २००२ मध्ये मासिकाला १० कोटी डॉलरच्या घरातली देणगी जाहीर केली. आपल्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी हे वाचून नकाराचे ईमेल जरा नीट लिहावेत ही एक वेगळी विनंती.

पण मन्रोबाईंना धनिक भेटले. ज्यांना नाही भेटले त्यांचं काय? साउथ साइडला, शहराच्या दक्षिणेकडच्या काळ्या लोकांच्या वस्तीत या. १९४० च्या सुमाराला काळ्या चित्रकारांना डाउनटाउनच्या गॅलऱ्यांत जागा नव्हती, सरकारच्या कलाप्रकल्पातून कामाचे पैसे मिळणार होते पण इमारत लोकांनी उभी करायची होती. तर त्यांनी 'माइल ऑफ डाइम्स' अशी मोहीम काढली, म्हणजे दहा-दहा सेंटची नाणी मैलभर होतील इतकी जमवायची. मार्गारेट बरोज तेव्हा विशी-पंचविशीतली पोरगी, ती चौकात डबा घेऊन उभी राहायची. त्यातून मिशिगन अव्हेन्यूवरचं एक जुनं घर घेतलं, साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर, मे १९४१ मध्ये एलेनॉर रूझवेल्ट उद्घाटनाला आली. गॉर्डन पार्क्सला फोटो धुवायला डार्करूम तिथे मिळाली, ग्वेंडोलिन ब्रुक्स तिथल्या कवितेच्या वर्गात बसली आणि १९५० मध्ये पुलित्झर मिळवणारी पहिली काळी लेखिका झाली. सरकारी पैसे लवकरच आटले, सेंटर मात्र आजही त्याच घरात आहे. आणि डबा घेऊन उभी राहणारी ती बरोज १९६१ मध्ये नवऱ्याबरोबर समोरच्याच बाजूच्या आपल्या राहत्या घरात म्युझियम काढून बसली, खालच्या मजल्यावरच्या खोल्यांत! काळ्या समाजाच्या इतिहासाचं आजचं ड्युसाबल म्युझियम ते. घरात म्युझियम काढणाऱ्या बाईला 'जागा नाही' हे वाक्य सांगून बघायला पाहिजे होतं कुणीतरी.

तिच्याही आधीची व्हिव्हियन हार्श. १९२४ मध्ये शिकागो पब्लिक लायब्ररीची पहिली काळी लायब्ररियन, १९३२ मध्ये मिशिगन अव्हेन्यूवर नवी शाखा उघडली तिची प्रमुख. ही बाई स्वतःहून जमवत गेली, पुस्तकं, पत्रकं, हस्तलिखितं, ज्यांचं तेव्हा कुणालाच काही वाटत नव्हतं. रिचर्ड राइट, लँग्स्टन ह्यूज यांच्यासारखे लेखक तिच्या शाखेत येऊन बसायचे, बोलायचे, कागद देऊन जायचे. आज तो संग्रह तिच्या नावाने वुडसन लायब्ररीत आहे आणि काळ्या समाजाच्या इतिहासासाठी अख्ख्या मिडवेस्टमध्ये तेवढा मोठा दुसरा नाही. एक माणूस, एक शाखा, सव्वीस वर्षं. आपल्या सगळ्या मंडळांत मिळून असा एक माणूस नेमता येणार नाही का?

आता आपल्यासारख्यांचं, म्हणजे बाहेरून येऊन आपली भाषा इथे चालवणाऱ्यांचं. जर्मनांनी तर शहर भरून टाकलं होतं. १८६५ मध्ये लिंकनचं शव शिकागोत आणलं तेव्हा गायला जमलेल्या जर्मन पुरुषांचं एक गायनमंडळ झालं, त्याचा पुढे जर्मानिया क्लब, १८८९ ची भव्य इमारत. १८९१ मध्ये सुरू झालेल्या शिकागो ऑर्केस्ट्रात इतके जर्मन वादक होते की तालमी जर्मनमध्ये चालायच्या. मग पहिलं महायुद्ध आलं. ऑर्केस्ट्राचा कंडक्टर फ्रेडरिक स्टॉक, वर्षानुवर्षं इथे राहणारा, पण नागरिकत्वाचं काम अर्धवट, तो १९१८ मध्ये बाजूला झाला आणि कागद पूर्ण झाल्यावर परत आला. जर्मानिया क्लबने नाव बदलून लिंकन क्लब केलं. पुढे नाव परत घेतलं, पण पोरांना, नातवंडांना जर्मनची गरज उरली नाही आणि १९८६ मध्ये क्लब बंद झाला. इमारत अजून आहे, शहराने वारसा म्हणून जपलेली. हे लिहिताना मला आपलाच विचार येतो हे लपवत नाही. आपलीही तिसरी पिढी आता गणपतीत 'हे काय आहे' असं इंग्लिशमधूनच विचारते.

आणि या बाबतीत जे मला सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे १९३० च्या दशकातल्या मंदीतलं एक सरकारी काम. बेकार लोकांना काम द्यायचं म्हणून, त्यात भाषा येणारे सुशिक्षित बेकारही आले, त्यांना बसवून शिकागोतल्या २२ समाजांची परभाषेतली वर्तमानपत्रं वाचून घेतली, पोलिश, झेक, ग्रीक, यिद्दिश, लिथुआनियन, स्वीडिश, आणि त्यातल्या निवडक बातम्या इंग्लिशमध्ये भाषांतर करून टाइप करून घेतल्या. जवळजवळ १ लाख २० हजार पानं! अमुक गायनमंडळाचा कार्यक्रम झाला, तमुक नाटकाला गर्दी नव्हती, सभासद वर्गणी देत नाहीत, तरुण पोरं येत नाहीत. खरंच, वाचा कधीतरी, न्यूबेरीने सगळं ऑनलाइन ठेवलंय, १८९० च्या झेक संपादकाची कुरकूर आणि आपल्या अध्यक्षांचं मनोगत यात फरक सापडला तर मला कळवा. पिल्सनमधला थालिया हॉल हा १८९२ मध्ये झेक माणसाने बांधलेला, झेक नाटकांसाठी, आणि आता तिथे रॉक बँडचे शो होतात. वस्ती मेक्सिकन झाली, आणि तिथल्याच शिक्षकांनी १९८२ मध्ये कार्लोस टोर्टोलेरोच्या पुढाकाराने ९०० डॉलर घेऊन सुरुवात केली ते आजचं नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्ट. एकाच वस्तीत दोन भाषांचा इतिहास वर-खाली रचलेला, आणि दोन्ही वाचता येतो.

आपला येईल का? शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ चं, अमेरिकेतल्या सर्वांत जुन्यांपैकी. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये इथेच स्थापन झालं, १९८४ चं पहिलं अधिवेशनही इथलंच. म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी संस्थांचा इतिहास लिहायचा तर सुरुवात शिकागोपासून करावी लागेल. आणि समजा २०७५ मध्ये कुणी पोरगी पीएचडीला बसली, तर तिला आपल्या छोट्या संस्थांचं काय मिळेल? आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याकडे, आपण दरवर्षी भरतो तो पोस्टकार्डाएवढा फॉर्म. ५० हजार डॉलरच्या आत उलाढाल असली की त्यात नाव, पत्ता आणि 'उलाढाल ५० हजारांच्या आत' एवढंच असतं. चाळीस वर्षं नाटकं केली, पहाटेपर्यंत हॉल झाडले, आणि शिल्लक काय तर एक टिकमार्क.

'सगळं डिजिटल आहे' म्हणणाऱ्यांना सांगते, तुमच्या ९० च्या दशकातल्या अंकाची फाइल उघडून दाखवा. ती शिवाजी फाँटमध्ये नाहीतर श्रीलिपीत टाइप केलेली आहे, युनिकोडच्या आधीची, आता उघडली की स्क्रीनवर अगम्य रोमन अक्षरांचा कचरा येतो. छापील अंक असेल तर तोच वाचता येतो, आणि तोच आपण फेकतोय. व्हीएचएसचं तर घड्याळ लावलेलं आहे, टेप वीस-पंचवीस वर्षांत खराब व्हायला लागते आणि व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी २०१६ मध्ये थांबली. त्यातच भारतातून आलेल्या नटांचे प्रयोग आहेत, आपल्या काका-काकूंची पहिली एकांकिका आहे, त्यातले काही जण आता नाहीत. मीटिंगचा आवाज ठेवणं म्हणजे काय ते जॅझवाल्यांकडून शिका. १९६५ च्या मे महिन्यात साउथ साइडला मुहाल रिचर्ड एब्रम्स आणि मंडळींनी एएसीएम ही संगीतकारांची संस्था काढली, नियम असा की फक्त स्वतःचं संगीत वाजवायचं, आणि सुरुवातीच्या मीटिंग चक्क टेप करून ठेवल्या. त्यामुळे 'स्वतःचं संगीत म्हणजे काय' यावर कोण काय बोललं, कोण कुणावर खेकसलं हे चाळीस वर्षांनी इतिहास लिहिणाऱ्याला ऐकता आलं. आपल्या मीटिंग तर व्हॉट्सअ‍ॅपवर होतात आणि अ‍ॅडमिनने फोन बदलला की इतिहास साफ.

काय द्यायचं हे जास्त डोकं चालवून ठरवू नका. आर्काइव्हवाल्यांना ट्रॉफ्या, शाली, फ्रेम केलेली मानपत्रं फारशी नको असतात, त्यांना मिनिट्स, पत्रव्यवहार, हिशेब, अंक, कार्यक्रमपत्रिका हव्या असतात, आणि फोटो हवे असतात पण मागे नावं लिहिलेले (पेन्सिलने, बॉलपेन नको). नावं आत्ता लिहा, ज्यांना चेहरे ओळखू येतात ते पंचाहत्तरी-ऐंशीत आहेत. स्टेपलरच्या पिना, रबरबँड काढा, ते कागद खातात. स्कॅन जरूर करा पण मूळ कागद फेकण्यासाठी नाही. सभासदांचे पत्ते, फोन, कुणाच्या अडचणीला केलेली मदत, असलं खासगी काही असेल तर देतानाच सांगता येतं की हे इतकी वर्षं उघडू नका, ते तसा करार करतात. भांडणं आहेत म्हणून लाज वाटत असेल तरी तेच उत्तर, सील करा पण द्या. आणि मराठी कुणाला वाचता येणार म्हणून घेणार नाहीत अशी भीती असेल तर प्रत्येक खोक्याबरोबर आत काय आहे याची एक पानाची इंग्लिश यादी ठेवा. युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोत दक्षिण आशियाचा मोठा पुस्तकसंग्रह आहे, न्यूबेरीत शहरातल्या क्लबांचे कागद आहेत, हिस्टरी म्युझियम आहे, लोम्बार्डला आता आपल्या भारतीयांचं म्युझियमही आहे. कुणीतरी एकाने प्रत्येकाला एक ईमेल टाकायचाय, कोण काय घेतं ते विचारायला. एकाने नाही म्हटलं तर पुढच्याला.

'आमचं काय एवढं मोठं, चार नाटकं आणि पिठलं-भाकरी' असं एक काका मला म्हणाले. काका, त्या ग्रीक फळवाल्यांनाही तेच वाटत असणार.

तर नव्या कार्यकारिण्यांनो, येत्या सर्वसाधारण सभेत ठरावाचा मसुदा मी पाठवते, सूचक मी, अनुमोदक शोधा. गणपतीच्या दिवशी हॉलमध्ये जेवणाच्या रांगेजवळ एक टेबल द्या, स्कॅनर माझा, एक्स्टेन्शन कॉर्ड पण माझी, दोन कॉलेजची पोरं लागतील ज्यांना सर्व्हिस अवर्स हवेत. लोकांना आधीच्या ईमेलमध्ये कळवा की जुने अंक, फोटो, कॅसेटी घेऊन या, नावं लिहून देऊ, पावती देऊ. आणि ज्यांच्याकडे खोके आहेत पण उचलवत नाहीत त्यांनी सेक्रेटरीला फक्त फोन करा, माझ्याकडे मिनीव्हॅन आहे, मागच्या सीटा पडतात, ऑरोरापासून स्कोकीपर्यंत कुठेही येईन. जेवायला थांबणार नाही असं मात्र म्हणत नाही.

कळावे, लोभ आहेच,
तुमचीच एक जुनी सभासद
(वर्गणी भरलेली आहे, पावती सापडली तर दाखवते)